वेड्यांचे दाखले

गुणपत्रिका वाटायच्या दिवशी मी ऑफिसात क्लार्कच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. आमचं ज्युनिअर कॉलेज हायस्कूललाच जोडलेलं आहे, त्यामुळे बारावी झालेल्यांनाही 'शाळा सोडल्याचा दाखला'च मिळतो. क्लार्क दाखला भरतो, मी तो जनरल रजिस्टरशी ताडून बघते. आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि मग अक्षरात. एक वेलांटी चुकली तर ते पोर पुढची पाच वर्षं सेतू केंद्र आणि तहसील कचेरीच्या खेपा घालतं, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

खालच्या बाजूला तीन रकाने असतात. अभ्यासातील प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : इयत्ता बारावी उत्तीर्ण. मग तारीख, सही आणि जांभळा गोल शिक्का. संपलं. 'पुढे कुठे जाणार' असा रकाना दाखल्यात नाही. ज्या कोणी हा नमुना पहिल्यांदा आखला, त्यानं तो रकाना ठेवला नाही याबद्दल मी त्याची मनापासून ऋणी आहे. कारण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की नेमका तेवढाच एक रकाना घेऊन सगळं गाव उभं असतं. किराणा दुकानदार, एसटीतला ओळखीचा कंडक्टर, आत्या, आत्याची शेजारीण. 'मग, पुढे काय?'

ज्यांच्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे, त्यांचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. चौकात त्यांचे फ्लेक्स लागतात, क्लासवाले त्यांना फेटे बांधतात. ते योग्यच आहे, त्यांनी मेहनत केलेली असते. मला स्तुती करायची आहे ती उरलेल्यांची. ज्यांना पुढचं काही दिसत नाही आणि तरी जे पाय उचलतात. ज्यांना घरचे कपाळावर हात मारून 'वेडं आहे कार्टं' म्हणतात. मी हे चेष्टेनं लिहीत नाही. पंचवीस वर्षं दाखले ताडून बघताना माझं मत पक्कं होत गेलं आहे, की सतरा-अठराव्या वर्षी अंगात थोडं वेड असणं हीच त्या वयाची खरी पात्रता आहे. बाकीच्या पात्रता नंतर मिळवता येतात.

आपली भाषा या बाबतीत माझ्या बाजूनं आहे. शहाणपणाबद्दल मराठीच्या मनात पहिल्यापासून शंका. जरा जास्त झालं की शहाण्याचा दीडशहाणा होतो, अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, आणि 'फार शहाणपणा करू नकोस' हे आपण रागावूनच म्हणतो. पेशवाईतसुद्धा लोकांनी शहाणे मोजले ते साडेतीनच. भाषा वेडाकडे वळली की मात्र तिचा आवाज मऊ होतो. 'वेडा कुठला' म्हणताना आईचा हात आपोआप डोक्यावरून फिरतो. गाण्याचं वेड, नाटकाचं वेड, गडकिल्ल्यांचं वेड. बुद्धी ठिकाणावर नाही हे ज्या शब्दानं सांगायचं, त्याच शब्दानं जीव कशात गुंतला आहे हेही सांगायचं, अशी सोय या भाषेनं करून ठेवली आहे. ती उगाच नसावी.

मी वर्गात समर्थांचा दासबोध काढते तेव्हा दुसऱ्या दशकाचा पहिला समास वाचून दाखवते. त्यात मूर्खांची लक्षणं आहेत आणि मुलं ती ऐकून एकमेकांकडे बोटं दाखवतात. मग त्याच दशकाचा दहावा समास घेते, पढतमूर्खाचा. शिकून-सवरून, सगळं समजूनही जो चुकतो त्याच्याबद्दलचा. तो ऐकताना वर्ग गप्प होतो. आणि त्यानंतर जांबच्या नारायणाची, म्हणजे पुढे समर्थ झालेल्या मुलाची, गोष्ट सांगते. परंपरा सांगते की बारा वर्षांचा हा मुलगा लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द ऐकून पळाला. त्या संध्याकाळी जांब गावाला मूर्खांची यादी करायला सांगितली असती, तर पहिलं नाव याचंच पडलं असतं. ठरलेलं लग्न, जमलेले पाहुणे, सगळं सोडून पोरगं निघालं, आणि कुठे निघालं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नाशिकजवळ टाकळीला त्यानं बारा वर्षं काढली, मग पुढची बारा देश पायी हिंडण्यात. मूर्खाची लक्षणं सांगायचा अधिकार त्याला या चोवीस वर्षांनी दिला असं मला वाटतं.

आता माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या एका मुलीबद्दल सांगते. कला शाखेची, 54 टक्के. रोज पहाटेच्या पहिल्या एसटीनं यायची. हिची भूगोलाची प्रात्यक्षिकाची वही भूगोलाच्या सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली होती. तीत कोयना नदीचा नकाशा होता. महाबळेश्वरातून निघालेली निळी रेघ डोंगरांच्या रांगेला समांतर सरळ दक्षिणेला येते, आणि हेळवाकला पोचली की एकदम पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणावर तिनं पेन्सिलीनं इतकं बारीक काम केलं होतं की कागद तिथे थोडा खरवडला गेला होता. सह्याद्रीतल्या एवढ्या नद्या पूर्वेला पळतात, मग ही एकटी इतकी लांब दक्षिणेला का येते, असा तिचा प्रश्न होता. दाखला हातात घेतल्यावर तिनं मला विचारलं, "मॅडम, हे शिकायला कुठे जायचं असतं?"

बरोबर तिचे मामा होते. म्हणाले, "हिला सांगा जरा. पोलीस भरतीचा फॉर्म भर म्हणतो तर नदीचं काय तरी घेऊन बसलीय."

मामांचं चुकत होतं असं नाही. भाचीचं बरं व्हावं म्हणूनच ते सकाळपासून रांगेत उभे होते. पण एका नदीच्या वळणापायी आयुष्याची दिशा ठरवायला निघालेलं माणूस मी त्या दिवशी तीन फुटांवरून पाहिलं, आणि मला तिच्यापुढे लहान झाल्यासारखं वाटलं. मी तिला भूगोल विषय असलेल्या जवळच्या कॉलेजांची नावं एका चिठ्ठीवर लिहून दिली. मामांना चहा पाजला. ती आज काय करते ते मी इथे मुद्दाम सांगत नाही. तिचं चांगलं झालं म्हणून तिचं वेड चांगलं, असा हिशोब कोणी मांडायला नको. ते वेड त्या टेबलापाशीच चांगलं होतं.

हिशोबाचं आलं आहे तर तेही बघू. मी नोकरीला लागले त्या काळात आमच्या तालुक्यातला प्रत्येक जाणता माणूस एकच सांगायचा : बारावी झाली की डी.एड. कर, मास्तरकी पक्की. आणि ते खरंही होतं. उत्तम गुणांची मुलं इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जात. हे पाहून गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली. मग 2010 नंतर शिक्षक भरती अडली. पदविका हातात घेऊन मुलं वर्षानुवर्षं वाट बघत बसली आणि कॉलेजं एकामागून एक बंद पडली. तोच प्रकार इंजिनिअरिंगचा. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं तो राजमार्ग ठरला. नंतर असा काळ आला की हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. सल्ला देणारी माणसं प्रामाणिक होती. त्यांनी कालचा रस्ता बघून उद्याचा सांगितला. अठरा वर्षांच्या मुलाला उद्या कळत नाही, तसा तो अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसालाही कळत नाही. फरक इतकाच की मुलगा 'अजून ठरलं नाही' असं तोंडानं कबूल करतो. त्या तीन शब्दांत जेवढा खरेपणा आहे तेवढा मी फार थोड्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात ऐकला आहे.

आणि जे हिशोबानंच चाललेत असं आपण समजतो त्यांचा हिशोब तरी कुठे जुळतो? 2024 साली देशभरातून 23 लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत. म्हणजे वीस जणांत एक. गणित मानायचं तर वीसपैकी एकोणीस जणांनी फॉर्मच भरू नये. तरी भरतात, दोन-दोन वर्षं पुन्हा बसतात, लातूरला खोली घेऊन राहतात. हाही वेडेपणाच आहे आणि मी त्यालाही हात जोडते. फक्त त्याला वेड म्हणायची मुभा त्या मुलांना मिळत नाही. घरात त्याला 'प्लॅन' म्हणतात. वेड फसलं तर माणूस कपडे झटकून उठतो. प्लॅन फसला की ते पोर गुन्हेगारासारखं खोलीचं दार लावून घेतं. मला रात्री झोप लागत नाही ती या बंद दारांमुळे. 720 पैकी किती, एवढाच आकडा म्हणजे आपण, असं ज्या मुलाला वाटायला लागलं आहे त्याच्या घरात कुणीतरी जाऊन वेडेपणाची दोन वाक्यं बोलायला हवीत.

2021ची बॅच मला विसरता येत नाही. त्या वर्षी कोरोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत गुणांचं 30:30:40 असं गणित घालून निकाल लावला आणि राज्याचा निकाल 99.63 टक्के लागला. 'बारावी म्हणजे आयुष्याचं वळण' असं ज्यांना आम्ही दोन वर्षं बजावत होतो, त्यांचं ते वळण आलंच नाही. लोक त्यांना 'कोरोना बॅच' म्हणून हिणवत. मला त्या मुलांचं फार वाटायचं. पण तीही पुढे गेली, तीही शिकली, कामाला लागली. मास्क लावून, एक मीटर अंतर ठेवून ती दाखला घ्यायला आली होती. प्रवेश कसे होणार, कॉलेज उघडणार की नाही, कोणालाच काही सांगता येत नव्हतं. तरी एकानंही 'मग दाखला कशाला नेऊ' असं म्हटलं नाही. याला वेड नाही तर काय म्हणायचं?

आपल्याकडे या वयाच्या वेडाचा सर्वांत मोठा दाखला आनंदीबाई जोशींचा. जन्म 31 मार्च 1865चा, आणि 7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून अमेरिकेला जायच्या बोटीत बसल्या. म्हणजे अठरावं पूर्ण होऊन आठवडा झाला होता. माझ्या टेबलासमोर येतात त्याच वयाची मुलगी. नवरा इकडेच राहिला, समुद्र ओलांडणं हे पाप, पुढे अनोळखी देश आणि अनोळखी थंडी. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला सभेत उभं राहून त्यांनी आपण का जातो आहोत ते लोकांना सांगितलं. त्या सभेत व्यवहार कळणारी माणसं नक्की असतील. 1886 साली त्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण परत आल्या त्या क्षयानं पोखरलेल्या, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. दवाखाना थाटून बसणं त्यांच्या नशिबी आलं नाही. फायदा-तोट्याची वही उघडली तर हे पान तोट्यातच लिहावं लागेल. ही गोष्ट सांगून झाल्यावर मी वर्गात विचारते, 'त्या गेल्या नसत्या तर बरं झालं असतं का?' इतक्या वर्षांत एकाही मुलानं 'हो' म्हटलेलं नाही.

दुसरी एक गोष्ट मुरुडच्या मुलाची, पुढे महर्षी झालेल्या धोंडो केशव कर्व्यांची. 1875च्या सुमाराला सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर कोकणातून सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला. शंभर मैलांच्या वरची चाल, तीही पावसाळ्याच्या दिवसांत. आणि तिथे पोचल्यावर तो दिसायलाच लहान, सतरा वर्षांचा वाटत नाही, म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा माघारी. कर्व्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे 1916 साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या माणसाच्या पायांत ही फुकट गेलेली चाल असणार. पण मला त्यातला 'सोबत्यांबरोबर' हा शब्द जास्त आवडतो.

कारण दरवर्षी दोन-चार जोड्या अशा येतात. "ती जिथे ॲडमिशन घेईल तिथेच मी." "का गं? तुझे गुण जास्त आहेत, तुला मोठं कॉलेज मिळेल." "तरी पण मॅडम." यावर पालक डोक्याला हात लावतात आणि करिअर-मार्गदर्शनाच्या व्याख्यानात हे हमखास चुकीचं उदाहरण म्हणून येतं. मला ते चुकीचं वाटत नाही. अनोळखी शहरात, वसतिगृहाच्या चार कॉटच्या खोलीत पहिल्या आठवड्यात रात्री रडू येतं तेव्हा कॉलेजचं नाव उशाला घेऊन झोपता येत नाही. शेजारच्या कॉटवर आपल्या गावची बोली बोलणारं कोणी असेल तर माणूस तग धरतो. मैत्रीसाठी चार टक्के सोडणारी मुलगी चार टक्क्यांपेक्षा पुष्कळ काही राखते.

आणि एक मुलगा. इंग्रजीत सहा गुणांनी राहिला होता. पासाला पस्तीस लागतात, याला एकोणतीस. ज्यांचा विषय राहतो ती मुलं वाटपाच्या दिवशी सहसा येत नाहीत, किंवा संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर येऊन कागद खिशात घालून जातात. हा सकाळी दहाला हजर. हातात अर्धा किलो पेढ्यांचा पुडा. मला वाटलं चुकून निकाल बदलला की काय. म्हणाला, "माझे पाच मित्र पास झालेत मॅडम. त्यांच्यापैकी एकालाही पेढे आणायचं सुचलं नाही." त्यानं सगळ्या स्टाफला पेढे दिले, शिपाईमामांना दोन दिले, मग टेबलाशी येऊन जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते विचारलं. त्या पुड्याचा कागद तेलानं पारदर्शक झाला होता, तो मला अजून दिसतो. दुसऱ्याच्या पासाचे पेढे स्वतःच्या पैशानं वाटणाऱ्या माणसाला शहाणं कसं म्हणणार? पण पुढे काय, हा प्रश्न मला या मुलाबद्दल कधीच पडला नाही. तो जिथे जाईल तिथल्या लोकांचं बरं होईल एवढं मला कळलं होतं.

हा मान एकट्या मुलांचाही नाही. बी.एस्सी. म्हणजे काय हे नीट ठाऊक नसलेली आई मुलाच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि पंधरा दिवस पुरतील इतक्या दशम्या भरते, आणि 'जा' म्हणते. बाप दुभती म्हैस विकतो. पैलवान खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. दुसऱ्याच्या पोरासाठी, तेही कुस्तीसाठी, राहतं घर! खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. आले नसते तरी घर गहाणच पडलेलं असतं, आणि ते ठाऊक असूनच खर्डेकरांनी सही केली. मी शिक्षक आहे. मला या सहीचा हेवा वाटतो.

एक मात्र मुलांना मी दरडावून सांगते, कारण वेडेपणा आणि गलथानपणा यांची गल्लत होते. नदीसाठी जीव टाकायचा असेल तर टाका, पण उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी, अधिवासाचं प्रमाणपत्र यांचे अर्ज निकालाच्या आधीच करा. सर्व्हर बंद पडतो, तारखा निघून जातात. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. झेरॉक्स दहा काढा, मूळ कागद कोणालाही देताना पोच घ्या. कागदाअभावी वेड वाया गेलेलं पाहणं फार जड जातं. मी ते पाहिलं आहे.

यंदा वाटप संपता संपता एक मुलगा आला. दुपारचे साडेतीन वाजले होते, क्लार्क शिक्का पुसून ठेवत होता. मी दाखला ताडून त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत वाचला, जन्मतारीख अक्षरात वाचताना ओठ हलत होते. मग उलटा करून पाहिला.

"मॅडम, मागची बाजू कोरीच आहे. झेरॉक्स एकाच बाजूची काढू ना?"

"हो बाळा," मी म्हटलं, "एकाच बाजूची."